फिरणारे ओझे

चेन्नईच्या दक्षिणेस, मामल्लपुरमच्या वाटेवर, कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते निराळे. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीची टोपली सायकलला बांधून विक्रेता निघतो. सुरुवातीला पायडल मारणे त्याला जड जाते. एकदा गती आली की तीच सायकल सुखाने चालू लागते. शर्यतीच्या मोटारीचे एक महत्त्वाचे गणित या साध्या अनुभवात दडलेले आहे.

टोपलीत एक किलो भार वाढला, तर तो केवळ पुढे न्यावा लागतो. तोच भार चाकाच्या कडेवर चढविला, तर तो पुढेही न्यावा लागतो आणि फिरवावाही लागतो. म्हणून गती घेताना कडेवरचा एक किलो दोन किलोंइतका जड ठरतो. सपाट रस्त्यावर गती स्थिर झाली की हा जादा आकार संपतो. शर्यतीत मात्र गती स्थिर अशी राहतच नाही. वळणापूर्वी ती मोडावयाची आणि वळण सरताच पुन्हा उभी करावयाची, हाच तेथला क्रम.

हा क्रम मद्रासकरांनी शोलावरम येथे वर्षानुवर्षे पाहिला. शहराच्या उत्तरेकडील ही दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तेथे होत. पुढे १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतंत्र मार्ग झाला. परदेशी गाड्या आणणे दुरापास्त असल्याने रस्त्यावरच्या मोटारींचीच इंजिने शर्यतीस जुंपली जात. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी घडविलेली ‘फॉर्म्युला मारुती’ अशीच, ७९६ घनसेंटिमीटरच्या मारुती इंजिनावर धावणारी. इंजिन लहान असले की ओझे हलके करणे, हाच मार्ग उरतो.

यांत पहिली दृष्टी जाते ती इंजिनाच्या टोकाशी बसविलेल्या फ्लायव्हीलकडे. ते चाकापेक्षा लहान. पण पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास त्याचे बारा फेरे होतात, असे धरू. त्याच्या जडत्वाचा परिणाम या बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटींनी वाढतो. समजा, फ्लायव्हील ८ किलोंचे, २८ सेंटिमीटर व्यासाचे आणि सारख्या जाडीचे आहे, आणि मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. मग पहिल्या गिअरमध्ये ते केवळ फिरविण्यासाठी सुमारे १२५ किलो वजन ढकलण्याइतके बळ खर्ची पडते! त्याची जाडी निम्मी केली, तर जणू एक माणूस गाडीतून उतरतो. वरच्या गिअरमध्ये, चार फेऱ्यांच्या प्रमाणात, हाच लाभ सात किलोंवर येतो.

एवढे ऐकून एखादा उत्साही कारागीर फ्लायव्हील लेथवर चढवील आणि कडेचा धातू उतरवू लागेल. कडेचाच का? तर केंद्रापासून जितके दूर, तितके वजन अधिक भारी. हिशेब बिनचूक आहे. पण तो अर्धाच आहे.

चार सिलिंडरांच्या इंजिनात अर्ध्या फेऱ्यामागे एकदा स्फोट होतो. दोन स्फोटांमधली पोकळी फ्लायव्हील भरून काढते. ते फार हलके केले की मंद गतीत इंजिन अडखळते आणि निघताना बंद पडते. दुसरा धोका जिवाचा आहे. फिरणाऱ्या धातूवरील ताण गतीच्या वर्गाने वाढतो. मिनिटास ३००० फेऱ्यांचे ६००० झाले की ताण चौपट. बीड हे दाबाला खंबीर, पण ताणाला कच्चे. कोरून दुबळे केलेले बिडाचे चाक भरवेगात फुटले, तर त्याचे तुकडे आवरण भेदतात, आणि पुष्कळ गाड्यांत चालकाचे पाय तेथून वीतभर अंतरावर असतात. म्हणून जाणकार जुने चाक कोरीत बसत नाहीत. ते पोलादाचे हलके चाक मुद्दाम घडवून घेतात आणि त्याचा समतोल तपासूनच बसवितात.

कोवलमचा विक्रेता चढ आला म्हणून सायकलचे आरे काढून टाकीत नाही. कोणते ओझे आपण वाहतो आणि कोणते आपल्याला वाहते, हे त्याला ठाऊक असते. कानस उचलण्यापूर्वी कारागिरानेही तेवढे विचारून घ्यावे.