चैत्रातलं ऊन आणि वीस मैल

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू व निधिसंकलन कार्यक्रमात केलेलं भाषण)



अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'आपले मॅरेथॉनपटू' म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको हसली. ती का हसली, तेच आज सांगायचं आहे. मला खरं तर पंधरा मिनिटं प्रेरणादायी बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या रविवारी जे झालं त्यात प्रेरणा घेण्यासारखं फारसं नाही. तरीही तुम्ही पैसे दिले आहेत, तेव्हा हिशेब द्यायलाच हवा.

आठवत असेल, संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातात घेऊन मी इथूनच जाहीर केलं होतं की लंडन मॅरेथॉनच्या लॉटरीत माझा नंबर लागला आहे आणि मी माण तालुक्यातल्या दोन शाळांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी धावणार आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मागून कोणीतरी ओरडलं, "किती वेळात?" आणि मी, वय वर्षं एकोणपन्नास, टाळ्यांच्या भरात बोलून गेलो, "साडेचार तास!" त्यावर आपल्या एका मित्राने फॉर्मवर लिहून दिलं: साडेचारच्या आत आलास तर शंभर पौंड जादा. नाव सांगत नाही. ते आत्ता बटाटेवड्यांच्या टेबलाजवळ बसले आहेत.

मॅरेथॉन म्हणजे २६.२ मैल, ४२.१९५ किलोमीटर. सरावात एवढं अंतर सहसा कोणी पळत नाही. शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी वीसेक मैलांची एक मोठी धाव करायची आणि मग पायांना विश्रांती द्यायची, असा प्रघात आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची जी साखर साठवलेली असते, ती बहुतेकांची वीस मैलांच्या आसपास संपत येते. पुढे काय होतं याची थोडी चव शरीराला आधी द्यायची, हा वीस मैलांचा हेतू. मी डिसेंबरपासून पळत होतो. अंधारात, पावसात, हातमोजे आणि कानटोपी घालून. एकही आठवडा चुकवला नव्हता. त्यामुळे गेल्या रविवारी माझा आत्मविश्वास जरा जास्तच होता.

मार्ग सोपा होता. हॅम्प्टन कोर्टपासून थेम्सच्या काठाने निघायचं, किंग्स्टनचा पूल ओलांडायचा, टेडिंग्टन लॉक, मग रिचमंड, क्यूच्या बागेपर्यंत दहा मैल. तिथून मागे फिरून दहा.

आता चुका मोजा. पहिली, उशिरा निघालो. घड्याळं नुकतीच तासभर पुढे गेली होती, झोप पुरी झाली नव्हती, निघेपर्यंत साडेदहा वाजले. दुसरी, अंगात हिवाळ्यातला लांब बाह्यांचा काळा टी-शर्ट. तिसरी, पाण्याची एकच छोटी बाटली. चौथी आणि सगळ्यांत मोठी, घड्याळाकडे बघून पळालो. मोठी धाव रमतगमत करायची असते. मी मैलाला सव्वादहा मिनिटं धरली, म्हणजे साडेचार तासांचाच वेग. डोक्यात ते शंभर पौंड.

क्यूपर्यंत मी राजा होतो. आकाश निळंशार, नदीवर होड्या, काठावर माणसांची जत्रा. वर्षातला पहिला उन्हाचा रविवार इथले लोक कसे साजरा करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आइस्क्रीम खात बसलेल्या लोकांकडे मी जरा कीव येऊनच बघत होतो.

परतीला वारा पडला आणि ऊन समोरून आलं. रिचमंडच्या पुढे काठावर झाडं भरपूर आहेत, पण एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना पानंच कुठे असतात? नुसत्या काटक्या. सावली नावाला नाही. बाटली केव्हाच रिकामी झाली होती. तेराव्या मैलापासून वेग तोच ठेवायला दुप्पट जोर लागायला लागला. घड्याळ ठोके दाखवत होतं, सकाळी १४५ होते ते आता १७२. टेडिंग्टन लॉकपाशी अंगावर काटा आला. उन्हात काटा! घाम वाळून कपाळावर मीठ जमलेलं. सोळाव्या मैलाला पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. समोर बाक होता, त्यावर बसलो आणि लाज वाटली सांगायला, पण डोळ्यांत पाणी आलं.

घरी फोन करून "न्यायला ये" म्हणायचं होतं. पण बायको सकाळीच म्हणाली होती, "ऊन आहे, हळू पळ." म्हणून तिला करायच्या ऐवजी मी म्हसवडला आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

"काय रं, या वक्ताला? बरा हाईस न्हवं?"

"पळत होतो आई. ऊन लागलं."

"ऊन? लंडनला? किती हाय?"

"एकवीस."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग हसू. "आरं, एकवीसला आमी हितं शाल घेतो!"

हसून झाल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. "सावलीला जा. पानी घटाघटा पिऊ नगंस. गूळ हाय का?"

"इथं गूळ कुठून आणू?"

"मग गोड काय मिळंल ते खा. खारट बी खा काईतरी." आणि मग जे ती मला कधीच सांगत नाही, ते सांगितलं. "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडाया जायची. अठरा वर्साची हुते. पयल्या दिशी लई जोर केला, सगळ्यांच्या फुडं. दुपारला भोवळ येऊन पडले. मुकादम म्हातारा मानूस. म्हनला, पोरी, सकाळी फोड, दुपारी बस, उन्हं कलली की पुन्ना फोड. खडी सांजच्याला मोजत्यात. कवा फोडली, ते कुनी इचारत न्हाई."

मंडळी, मी घरी येऊन पुस्तकं काढली, तर पुस्तकंही आईच्याच बाजूने निघाली. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती अंगाबाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, म्हणजे पायांच्या वाट्याला कमी येतं. घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं. मग तोच वेग ठेवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. माझ्या घड्याळातले १७२ ते हेच. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात आणि ती सुटायला काही आठवडे पुरतात. मी म्हसवडच्या चाळीस अंशांत वाढलो, हे माझ्या मनाच्या लक्षात आहे, शरीराच्या नाही. ते तेवीस वर्षं या देशात राहतंय आणि गेले चार महिने हातमोजे घालून पळतंय.

पाण्याचंही तेच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी झालेलं होतं, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं. नुसतं पाणी ढोसूनही माणूस आजारी पडतो. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गूळ आणि मग पाणी देतात, आणि चैत्रात पन्हं करतात त्यात साखर किंवा गूळ असतो, तसं मीठही असतं. आज तुम्ही जे पन्हं प्यायलात ना, ते मला सोळाव्या मैलाला हवं होतं.

ते तिथे नव्हतं. जवळच्या कॅफेत संत्र्याचा रस आणि खारट क्रिस्प्सचं पाकीट घेतलं. पंधरा मिनिटं भिंतीच्या सावलीत बसलो. मग उठलो आणि उरलेले चार मैल चालत गेलो. किंग्स्टनचा पूल, मग राजवाड्याच्या बागेच्या कडेकडेने. ज्यांची मी सकाळी कीव केली होती, ते आइस्क्रीमवाले माझ्या पुढे निघून जात होते. हॅम्प्टन कोर्टला पोचलो तेव्हा पाच तास झाले होते. वीस मैल. सोळा पळत, चार चालत. सरावाच्या वहीत मी आधी नुसतं 'वीस' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुढे 'चार चालत' असं जोडलं. म्हणून बायको हसली.

एक गंमत सांगतो. मॅरेथॉनचं हे २६.२ मैलांचं विचित्र अंतर लंडनच्याच १९०८ च्या ऑलिंपिकमधलं. विंडसरच्या किल्ल्यापासून व्हाइट सिटीच्या स्टेडियमपर्यंत. तो जुलैचा उकाड्याचा दिवस होता. इटलीचा दोरांदो पिएत्री पहिला आत आला, पण भ्रमिष्टासारखा. उलट्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, पंचांनी धरून त्याला रेषेपार नेलं आणि त्यामुळेच तो बाद ठरला. पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला खास चषक दिला. त्यानंतर बाराच वर्षांनी, १९२० मध्ये, अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि १९ वे आले. त्या संघामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहून त्यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. आणि अगदी अलीकडे, २०१८ ची लंडन मॅरेथॉन २४.१ अंशांत झाली, या शर्यतीच्या इतिहासातली सर्वांत उष्ण. त्या वर्षी हिवाळाभर बर्फात सराव केलेल्या लोकांना आयोजकांनी सांगितलं होतं, आज वेळेच्या मागे लागू नका.

तेव्हा माझा निर्णय. मॅरेथॉनला आता पंधरा दिवस आहेत. साडेचार तासांची घोषणा मी इथेच केली होती, इथेच मागे घेतो. वड्यांजवळच्या मित्राच्या शंभर पौंडांवरचा हक्कही सोडतो. ऊन असेल तर चालेन. अंतर मात्र पुरं करीन. खडी संध्याकाळी मोजायची.

आता टाक्यांबद्दल दोनच शब्द. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. पण पाचशेही थोडे नाहीत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटरचं धरलं तर वर्षाला पन्नास हजार लिटर. गळती वगैरे सोडून चाळीस हजार तरी टाकीत जातील. पन्हळी, गाळणी आणि टाकी, एवढ्यालाच पैसे हवेत. त्या शाळांतली मुलं उन्हाळ्यात घरून बाटली आणतात. ती संपली की काय वाटतं, हे मला आता एका दुपारपुरतं कळलं आहे. त्यांची दुपार मार्चपासून रोज असते.

फॉर्म टेबलावर आहेत. इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करा, म्हणजे प्रत्येक पौंडामागे पंचवीस पेन्स जास्त मिळतील. आणि कृपया, 'किती वेळात?' हे विचारू नका.

 

ता. क. : पुस्तिका छापायला जाण्याआधी संपादकांनी निकाल विचारला. पाच तास सहा मिनिटं. त्यात दोन मैल चालत. कंबरेच्या पिशवीत गुळाचे खडे होते, ते एकविसाव्या मैलापर्यंत वितळून चिकट झाले, तरी खाल्ले. शंभर पौंडांचं काय झालं, ते वडेवाल्या मित्रालाच विचारा.