‘वॉन्ट’ : उणे की हवे?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे इंग्रजी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर व एका फाटक्या शब्दकोशावर झाले. तेव्हा आज एकाच इंग्रजी क्रियापदापुरते बोलतो. ते म्हणजे ‘वॉन्ट’.

हे क्रियापद आमच्या मागे लागले ते एका मागणीपत्रामुळे. एका फाउंड्रीत भट्टीवरच्या कामगारांना हातमोजे पुरत नव्हते. आम्ही इंग्रजीत लिहून दिले की, कामगार हातमोजे ‘वॉन्ट’ करतात. साहेबांनी कागद वाचला, हसले आणि म्हणाले, “अहो, तुमच्या लोकांना काय, सगळेच हवे असते!” आम्ही निरुत्तर झालो. रात्री शब्दकोश उघडला, तर ‘हवे असणे’ हा अर्थ खाली होता. वर होता तो जुना अर्थ : नसणे, उणे पडणे.

हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. त्याचे मूळ आणि संस्कृतातील ‘ऊन’ याचे मूळ एकच, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपले ‘उणे’ त्याचे दूरचे भाऊबंद झाले. आपण एकोणीस म्हणतो तेव्हा एक उणे वीस म्हणतो, त्यातलाच हा ऊन.

1611 साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले इंग्रजी बायबल छापले गेले. त्यातल्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या छायेतला भक्त हेच क्रियापद वापरतो. आजच्या पोराने ते वाचले तर त्याला वाटेल, भक्ताला मेंढपाळ नकोच आहे! रूढ मराठी बायबलात मात्र तेथे ‘उणे’ हाच शब्द आहे. भाऊबंदाने भाऊबंदाला बरोबर ओळखले म्हणायचे. त्याच 1611 साली शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ दरबारात झाले. शेवटी प्रॉस्पेरो जादू टाकून प्रेक्षकांपुढे येतो आणि आत्म्यांच्या बाबतीत हेच क्रियापद उच्चारतो. आत्मे हवेत, असे त्याला म्हणायचे नाही. आता माझ्यापाशी ते उरले नाहीत, असे तो सांगतो.

पुढे दोनशे वर्षांत ‘हवे’ वर आले आणि ‘उणे’ मागे पडले. डिकन्सच्या वेळेपर्यंत ही पालट पुरती झाली होती. त्याची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ 1837 ते 1839 या काळात क्रमशः निघाली. तिच्यातल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी दरिद्री-आश्रमात, पोरांना दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव. ऑलिव्हरने वाडगा पुढे करून आणखी मागितले, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो आपल्या मनाने उठला नव्हता, हे आमच्या वाचनात फार उशिरा आले. आधी पोरांची बैठक झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि ऑलिव्हरची चिठ्ठी निघाली. आमच्या भाषेत तो प्रतिनिधी होय! तो ‘वॉन्ट’ म्हणाला. त्या पोरांच्या पोटात उणे होते. मालकाने मात्र हवे तेवढे ऐकले आणि पळी डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : या पोराला नेणाऱ्यास पाच पौंड.

त्याच डिकन्सच्या 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’ची सुरुवातच या क्रियापदाने होते. तेथे ते शाळेचे चालक ग्रॅडग्राइंड यांच्या तोंडी आहे. त्यांना फक्त वस्तुस्थिती हवी असते. त्यांना कोणी मारीत नाही. वरून आलेले हवे हा हुकूम, खालून आलेले हवे ही उद्धटाई. याच पुस्तकातला गिरणीमालक बाउंडर्बी, कामगाराने तोंड उघडले की म्हणणार, यांना सोन्याच्या चमच्याने कासवाचे सूप आणि हरणाचे मांस पाहिजे. हे वाचताना आम्हांला आमचे साहेब आठवले, हे कबूल करतो.

पुढच्या पत्रात आम्ही ते क्रियापद गाळले. भट्टीवर माणसे वीस, धड हातमोजे अकरा जोड, उणे नऊ, एवढेच लिहिले. आठवड्याभरात नऊ जोड आले. त्यांतला एक जोड दोन्ही डाव्या हातांचा निघाला.