नडीच्या वेळचा भाव आणि कायदा

नडलेल्यास नागवणारा दुकानदार कायद्याच्या कचाट्यांत केव्हां येतो? सरकारनें भाव बांधला म्हणजे. १९५५ चा जीवनावश्यक वस्तु कायदा सरकारला तो अधिकार देतो. मार्च २०२० मध्यें, कोरोनाच्या सांथींत, याच कायद्याखालीं तीनपदरी मास्कला १० रुपये व २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. हुकूम मोडणारास सात वर्षांपर्यंत कैद! तेव्हां पावती मागण्यास लाजूं नका. तिच्यावांचून तक्रार लुळी पडते.

मात्र सप्टेंबर २०१९ मध्यें याच कायद्यानें व्यापाऱ्याच्या कांदासाठ्यास मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ५०० क्विंटल, किरकोळ व्यापाऱ्यास १००. शहरांतल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, कबूल. पण खरेदीदाराचा हात आखडला म्हणजे माल कोणाच्या चाळींत सडतो, हें हुकूम काढणारांनीं कुणब्यालाही विचारावें.