विलायतचे कोष्टी काय करीत होते?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



मागल्या बैठकीत पाटीलबाबांनी मला भर सभेत विचारले, "मास्तर, साहेब गेला, साहेबाचे राज्य गेले. आता त्याचा इतिहास शिकून आमच्या बैलाला काय वैरण मिळणार?" सभा हसली, मीही हसलो. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी देणे लागतो.

आधी माझा एक गुन्हा कबूल करतो. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला माणूस. युनिव्हर्सिटीची पायरी चढलो नाही. मला जसा इतिहास पढवला तसाच मी पोरांना पढवला. अमुक राजा, तमुक प्रधान, लढाई, तह, सनावळी. एके दिवशी विलायतेतल्या यंत्रांचा धडा चालू असता मागल्या ओळीतला एक कोष्ट्याचा पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, यंत्रं आली तवा तिथलं कोष्टी काय करीत हुतं?" मला ठाऊक नव्हते. तसे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून "परीक्षेत हे येत नाही, खाली बस" असे दरडावले. तो बसला तो वर्गात पुन्हा काही विचारायला उठला नाही. वर्षभरात त्याने शाळा सोडली. माझ्या दरडावण्याने सोडली असे मी म्हणत नाही, घरची ओढाताण होती. पण माझे ते शब्द मला आजवर पचले नाहीत.

मग पुस्तके मिळवून वाचू लागलो. लँकेशायर परगण्यात तेव्हा बोल्टन गाव होते. तेथल्या हातमागवाल्याला १७९५ साली आठवड्याला सरासरी ३३ शिलिंग मिळत. १८१५ साली १४ झाले. १८२९ ते १८३४ या काळात उरले साडेपाच! आपण समजतो, यंत्रमाग आला आणि कोष्टी मेला. तसे नव्हे. १८१३ साली साऱ्या ब्रिटनात यंत्रमाग अदमासे २,४०० होते. लाखाच्या घरात ते १८३३ च्या सुमारास गेले. म्हणजे ३३ चे १४ झाले तेव्हा यंत्रमाग नुकता कुठे रांगत होता. झाले असे, की सूत कातण्याची यंत्रे आधी आली. सूत मुबलक, विणणारे थोडे, म्हणून मजुरी चढली. चढली म्हणून जो तो मागावर बसला, आणि हात जास्त झालेले पाहून व्यापाऱ्यांनी दर तोडायला सुरुवात केली. कायद्याने किमान मजुरी ठरवून द्या, अशी अर्जी विणकरांनी पार्लमेंटकडे केली. १८०८ साली पार्लमेंटने ती झिडकारली. करणार काय? मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता. मँचेस्टरएवढ्या शहराला १८३२ पर्यंत स्वतःचा एक सभासद नव्हता. हा हक्क मागायला १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात सुमारे साठ हजार माणसे, बायकापोरांसह, बिनहत्यारी जमली. त्यांच्यावर घोडेस्वार घातले. अठरा जीव गेले असे आज धरतात, जखमी शेकडो.

हे कोण होते? साहेब होते काय? गिरणीचे जे कापड पुढे आपल्या बाजारात येऊन आपल्या मागाला भारी पडले, त्याने आधी त्यांच्याच घरची चूल विझवली होती. त्यांच्यातल्या वाचणाऱ्यांत टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' हातोहात फिरे, आणि पेनचीच पुस्तके पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचली.

आता कोणी म्हणेल, हे पंडितांचे काम, नांगरधऱ्याचे नव्हे. तर ऐका. मॅन्सब्रिज नावाच्या सुताराच्या मुलाने, जो स्वतः सहकारी संस्थेत कारकून होता, १९०३ साली कामकऱ्यांच्या शिक्षणासाठी एक मंडळ काढले. मंडळाच्या मागणीवरून जानेवारी १९०८ मध्ये ऑक्सफर्डने दोन गावी वर्ग सुरू केले. एक लाँगटन, कुंभारकामाचे गाव. दुसरे रॉचडेल, जेथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान काढले. लाँगटनला शुक्रवारी संध्याकाळी, रॉचडेलला शनिवारी दुपारी. विषय इंग्लंडचा आर्थिक इतिहास. वर्षाला चोवीस पाठ, अशी तीन वर्षे. तास दोन: एक तास गुरूने बोलायचे, दुसरा तास शिष्यांनी विचारायचे. पंधरवड्याला एक निबंध. परीक्षा नाही, पदवी नाही! दिवसभर भट्टीपुढे नि मागावर राबलेली माणसे निबंध लिहीत होती.

शिकवायला गेले टॉनी नावाचे गृहस्थ. जन्म कलकत्त्याचा, १८८० चा. बाप तेथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचा प्रिन्सिपॉल. १९१२ साली टॉनींचे मोठे पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवले आहे, की विणकर, कुंभार, खाणवाले आणि यंत्रकारागीर यांच्या टोचणीने आपण जे शिकलो ते पुस्तकांत सहजी सापडत नाही. पदवीधर गुरूला अशी कबुली देता आली. मला 'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द म्हणता आले नाहीत.

आणि ते पुस्तक कशावर? पाटीलबाबा, वैरणीवरच की! सोळाव्या शतकात विलायतेतल्या शेतकऱ्यांची सामायिक कुरणे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुंपणात घातली, त्याची ती हकीगत. पुढे तर पार्लमेंटनेच कायदे करून कुंपणे घातली. १६०४ ते १९१४ पर्यंत असे पाच हजारांवर कायदे झाले आणि ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. गरिबाची गाय चरायची कोठे? लबाडी नव्हती, सारे कायदेशीर होते. कागद त्यांच्याकडे, लिहिणारे त्यांचे. आपल्या गायरानाचा उतारा आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला आहे, हे मी आज विचारीत नाही.

तर असे ठरवले आहे, की दर शनिवारी जेवणे आटोपल्यावर येथेच शाळेत बसायचे. एक तास मी वाचून सांगेन, एक तास तुम्ही विचारायचे. मला न आले तर तसे सांगेन आणि पुढल्या शनिवारी शोधून आणीन. ज्यांना लिहिता येते त्यांनी पंधरा दिवसांनी पानभर लिहून आणावे. ज्यांना येत नाही त्यांचे माझी मोठी मुले लिहून घेतील. बायांनी येऊ नये असे कोणी म्हणू नका, त्यांच्यासाठी ओसरीकडची बाजू मोकळी ठेवली आहे. पहिला पाठ बोल्टनच्या मजुरीचा. तो पोरगा आता बापाच्या मागावर बसतो. त्याला बोलावणे करायला उद्या मी स्वतः जाणार आहे.