कुटुंब ठरवतो कोण?



आधी आभार, मग स्वतःच्या अपात्रतेचा पाढा, मग साहित्याच्या व्याख्या, असा अध्यक्षीय भाषणाचा ठरलेला क्रम आहे. आभार मनापासून मानते. पाढा आणि व्याख्या वगळते, कारण विषय मोठा आहे आणि मागच्या रांगेतल्या कित्येकांना शेवटची एसटी गाठायची आहे.

'कुटुंब, निष्ठा आणि सत्ता' म्हटलं की मराठी वाचकापुढे आधी वाडा उभा राहतो. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधल्या खोतांच्या पिढ्या, महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तले धरणगावकर देशपांडे. वडील गेले की सोनं कोणाच्या ताब्यात, दिवसांचा खर्च कोणाच्या अंगावर, मुंबईच्या भावाने किती द्यायचे, यावरून घरातली सत्ता कशी सरकते, हे आपल्या लेखकांनी फार बारकाईने टिपलं आहे. त्या नाटकात मला सगळ्यांत जास्त चंदू आठवतो. घरातलं पडेल ते काम निमूट करणारा भाऊ. वाटणीच्या बोलण्यात त्याला कोणी विचारात घेत नाही आणि तोही तोंड उघडत नाही.

या चंदूचा एक सख्खा भाऊ आपल्या शहादा तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या राबला. तो म्हणजे सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, उचल हातात पडायची आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो माणूस त्या घराचा. मालकाच्या पोरांना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणार तो, लग्नघरात लाकडं फोडणार तो, रात्री पाण्याची पाळी धरणार तो. पाहुण्यांना सांगायचं, 'आपला घरनाच माणूस शे.' जेवायची थाळी मात्र वेगळी आणि झोपायची जागा गोठ्याशेजारी. आजारी पडला तर खाडे धरले जायचे, आणि साल अर्धवट सोडून गेला तर तो निमकहराम. निष्ठा अशी एकाच बाजूने वसूल होत असेल, तर ते नातं घराचं की मजुरीचं, हा प्रश्न वाड्याच्या कादंबरीला सहसा पडत नाही. पडणार तरी कसा? कॅमेरा ओसरीवर लावला की गोठा चौकटीत येत नाही.

काही पुस्तकांनी तो कॅमेरा हलवला. 'स्मृतिचित्रे' हे माझ्या मते मराठीतलं निष्ठेवरचं सर्वांत धीट पुस्तक. नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला माहेर-सासर, जात, सोवळं असं सगळं निवडायचं होतं, आणि त्यांनी बरीच वर्षं दोन्हींपैकी एकही सोडलं नाही. त्या ताणावर त्या हसतात, आपल्यालाही हसवतात. पोटात कालवाकालव होते ती नंतर.

दुसरं पुस्तक शरणकुमार लिंबाळे यांचं १९८४चं 'अक्करमाशी'. बाप पाटील, आई महार. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव काय लिहायचं, इथूनच अडतं. आणि या मुलाला वाढवणारं घर कोणतं? आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारा, एसटी स्टँडवर ओझी वाहणारा महमूद दस्तगीर जमादार. रक्ताचं, जातीचं, धर्माचं, लग्नाचं कुठलंच नातं कागदावर सिद्ध करता येणार नाही, तरी मुलगा त्याला दादा म्हणतो आणि दादा दादासारखा वागतो. रक्ताचा बाप मात्र पाटीलकी सांभाळत राहतो. घराण्याच्या अभिमानावर लिहिलेल्या डझनभर कादंबऱ्या मी या एका दादावरून ओवाळून टाकीन.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. इथे कुटुंबाची सत्ता घराच्या आत जेवढी आहे, तेवढीच घराबाहेरच्या वह्यांमध्ये आहे.

डिसेंबर १९७९मध्ये नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा आला. त्यात सरदार सरोवर धरणाची उंची आहे, चार राज्यांमधला पाण्याचा आणि विजेचा हिशेब आहे, आणि एके ठिकाणी कुटुंबाची व्याख्या आहे. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसं, उदाहरणार्थ विधवा आई, हे एक कुटुंब. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. त्या काळाच्या मानाने ही व्याख्या उदार होती, हे मान्य केलंच पाहिजे; त्याआधीच्या धरणांवर उठवलेल्या माणसांना एवढंही मिळालं नव्हतं. पण सज्ञान मुलीचं काय? तिच्यासाठी त्या कलमात ओळ नाही.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. एका घरात भाऊ-बहीण आहेत असं समजा. दोघंही सज्ञान, दोघांचीही लग्नं व्हायची आहेत, दोघंही एकाच उतारावर ज्वारी पेरतात, एकाच नदीवर जातात. कारकून येतो, वही उघडतो. भाऊ एक कुटुंब होतो. बहीण बापाच्या कुटुंबातली एक व्यक्ती राहते. काल रात्री एका चुलीवरची भाकरी खाल्लेल्या दोघांपैकी एक सरकारदरबारी घर झाला आणि दुसरी झाली नाही. त्यात जन्माची नोंद नसलेल्या डोंगरात सज्ञान कोण, हेही परक्या माणसाच्या अंदाजावर. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने धरणाखाली गेलेल्या गावाची परवड आपल्याला दाखवली आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण त्या वहीसमोर उभ्या असलेल्या बहिणीची कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही. ती भावावर रागावेल का? का भावाला जमीन मिळावी म्हणून स्वतःच गप्प राहील? निष्ठेचा प्रश्न तिथे आहे, आणि तो कुठल्याही खोताच्या वाटणीपेक्षा अवघड आहे.

दुसरी वही मुकादमाची. दिवाळी झाली की आपल्याकडच्या वाड्या-पाड्यांवर कुलपं लागतात आणि माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोलीच्या कारखान्यांवर अभ्यास केला, तेव्हाही तिथले तोडकरी खानदेशातूनच गेलेले होते. मुकादमाच्या लेखी कुटुंब म्हणजे कोयता. तोडायला नवरा, मोळी बांधून वाहायला बायको, हाताशी आलं तर पोर. म्हातारी आई गावात मागे राहते, कारण ती कोयत्यात बसत नाही. उचल नवऱ्याच्या नावावर, फेड दोघांच्या अंगावर. आणि मोळी वाहणारी हीच बायको घरातली वयाने सर्वांत मोठी बाई असली, तर २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख! एका वहीत प्रमुख, दुसरीत अर्धा कोयता. वनहक्काच्या २००६च्या कायद्यात पुन्हा वेगळंच: लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. वडिलोपार्जित जमिनीचं मात्र तसं नाही. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यामुळे लेकीचा वाटा रूढीवर लटकलेला. २०२५च्या जुलैमध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेकीच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. त्याची बातमी किती पाड्यांपर्यंत पोचली असेल, हा अंदाज तुम्हीच माझ्यापेक्षा नीट कराल.

आणि वह्या फक्त सरकारच्या आणि मुकादमाच्याच आहेत असं म्हणून मला आपल्या पंचांना मोकळं सोडायचं नाही. देजाबद्दल बाहेरचे लोक आपली पाठ थोपटतात. तुमच्यात हुंडा नाही, उलट मुलाकडचे देतात, वा! वा खरंच आहे. नांदायचं नसेल तर बाई निघून जाऊ शकते, दुसरं घर करू शकते, विधवेला कोपऱ्यात बसवत नाहीत. शहरातल्या कित्येक शिकलेल्या घरांना हे अजून जमलेलं नाही. पण ती दुसरं घर करते तेव्हा झगडा मिटवायला पैसे कोण कोणाला देतो? पुरुष पुरुषाला. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ची नायजेरियन कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना काड्यांची ती जुडी आठवेल. मुलीचा बाप तीस काड्या पुढे करतो, मुलाकडचे बाजूला जाऊन बोलतात आणि पंधराच परत देतात, असं करत करत वीसवर सौदा ठरतो. आवाज चढत नाही, अपमान होत नाही, सगळं कसं हसतखेळत. अचेबे त्या बैठकीची थट्टा करत नाहीत आणि तिचे गोडवेही गात नाहीत. मुलगी काही वेळ समोर येते, हात मिळवून जाते, आणि आकडा ती नसताना ठरतो. इतक्या थंड डोक्याने आपल्या देजाच्या बैठकीवर आपल्यातल्या कोणीतरी लिहायला हवं. बाहेरच्याने लिहिलं तर एकतर कीव येईल नाहीतर कौतुक, आणि दोन्ही आपल्याला पुरेसं झालं आहे.

शहाद्यात उभी आहे आणि इथल्या आदिवासी चळवळीच्या अंबरसिंग महाराजांचं नाव घेत नाही, असं होणार नाही. पाटीलवाडीत आदिवासींवर झालेल्या गोळीबारानंतर, १९७२मध्ये इथे श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, दुष्काळी कामं यांवरच्या लढ्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यातला दुसरा धागा ओढायचा आहे. त्याच १९७२-७३च्या सुमारास बायका गावोगाव निघाल्या, दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. त्यातले काही नवरे संघटनेचेच असणार, दुसरे कुठून येणार? दिवसा मालकाच्या खळ्यावर आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस रात्री हात उचलतो. त्याला चावडीवर ओढलं तर मालक हसणार, फूट पडली म्हणणार. नाही ओढलं तर? त्या बायकांनी ओढलं. संघटना हे त्यांचं दुसरं कुटुंब होतं आणि तिथेही सत्ता कोणाची हे त्यांनी विचारलं. राजघराण्यांवरच्या कादंबऱ्यांमध्ये तलवारी चमकतात, पण एवढी जोखीम मला तिथे सापडत नाही.

हे सगळं कोणी लिहिलंच नाही असं मात्र नव्हे. नजूबाई गावित यांच्या 'तृष्णा' आणि 'आदोर' या पुस्तकांत मावची घर आतून आलं आहे, आणि ते सत्यशोधक चळवळीत आयुष्य घातलेल्या बाईने लिहिलं आहे, त्यामुळे भूक, घर आणि पक्ष या तिन्हींकडे ती एकाच कडक नजरेने पाहते. ही पुस्तकं या जिल्ह्यातल्या किती ग्रंथालयांत आहेत, ते संयोजकांनी उद्याच तपासावं. वाहरू सोनवणे यांचं 'गोधड' तर इथल्याच मातीतलं. आपलं दुःख आपल्यालाच समजावून सांगायला दुसरे जिथे चढतात, त्या मंचाबद्दल त्यांची 'स्टेज' ही कविता आहे. ती वाचल्यापासून अध्यक्षपदाच्या खुर्चीत मी जरा सावरून बसते.

तेव्हा संयोजकांना एक विनंती. यानंतर पावरी, देहवाली आणि मावचीतून वाचणारे तरुण आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी ठेवलेला वेळ माझ्या भाषणाच्या वेळेपेक्षा कमी आहे. माझा उरलेला वेळ त्यांना द्या. प्रत्येक कवितेनंतर मराठीत भावार्थ सांगायची घाईही करू नका. ज्यांना कळणार नाही त्यांनी शेजारच्याला विचारावं. शेजारी बसले आहेत ते.