सूज एक, वाटा चार

तुमच्यापैकी कुणी इंदूरला शिकत असेल, कुणी बेळगावात, कुणी बडोद्यात, कुणी लातुरात. पुस्तकं सगळ्यांची इंग्रजी आणि तक्रारही सगळ्यांची एकच : ‘मॅडम, पॅथोफिजिऑलॉजी पाठ होते, पण वॉर्डात गेलं की आठवत नाही.’ मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं. त्यावर आज एकच गोष्ट घेऊ या : सूज, म्हणजे इडिमा.

पायावर बोट दाबलं, खळगा पडला, आपण ‘पिटिंग इडिमा’ लिहून मोकळे झालो. पण ते पाणी तिथे आलं कसं?

अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली मांडलेला हिशोब आजही पाया म्हणून शिकवतात. केशवाहिनीतला दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रोटीन्स, मुख्यतः अल्ब्युमिन, पाणी आत धरून ठेवतात. केशवाहिनीची भिंत या प्रोटीन्सना बाहेर जाऊ देत नाही. उरलेलं पाणी लसिकावाहिन्या, म्हणजे लिम्फॅटिक्स, परत नेतात. या चारांतलं एक जरी बिघडलं तरी सूज येऊ शकते.

आता एकेका सिस्टिमकडे चला. हृदयाची उजवी बाजू थकली की मागे दाब वाढतो आणि पाय सुजतात. डावी बाजू थकली की तेच पाणी फुप्फुसात साठतं. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातून अल्ब्युमिन वाहून जातं, म्हणून मूल सकाळी उठतं तेव्हा डोळ्यांभोवती सूज दिसते. लिव्हर सिरॉसिसमध्ये दोन बिघाड एकत्र येतात : अल्ब्युमिन कमी तयार होतं आणि पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, म्हणून पोटात पाणी होतं. हत्तीपायात लसिकावाहिन्याच निकामी होतात. पुढे कातडी जाड होते आणि बोट दाबूनही खळगा पडत नाही.

हे कळण्याचा उपयोग काय? ‘सूज आहे, पाय उंच ठेवा,’ हे आपण सहज सांगतो. व्हेरिकोज व्हेन्सच्या माणसाला त्याने आराम पडतो. पण धाप लागलेल्या हार्ट फेल्युअरच्या माणसाला आडवं करून पाय वर केले, तर पायातलं रक्त परत हृदयाकडे येतं आणि धाप वाढते. त्याला उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे. खूण तीच, पण काम उलटं.

चौथा बिघाड भिंतीचा. डेंग्यू घ्या. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, आता घरी नेऊ का?’ आणि नेमकी तेव्हाच काही रुग्णांमध्ये केशवाहिन्यांची भिंत झिरपू लागते. प्लाझ्मा बाहेर जातो, लाल पेशी आतच राहतात, म्हणून हिमॅटोक्रिट चढतं. पाणी छातीत आणि पोटात जमतं, त्यामुळे पायाला सूज नसली तरी निर्धास्त राहू नका. मोठ्या माणसाचं बीपी १००/८० आलं. वरचा आकडा शंभर बघून ‘ठीक’ लिहाल, तर फसाल. दोन आकड्यांतला फरक फक्त २० आहे, आणि ती शॉकची खूण आहे. हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली, पोट दुखतंय का हे बघा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

हे झिरपणं साधारण २४ ते ४८ तास चालतं. मग भिंत सावरते आणि बाहेरचं पाणी रक्तात परत येतं. काल ज्या सलाईनने जीव वाचवला, तेच आज त्याच वेगाने चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं. म्हणून त्या दिवशी श्वासाचा वेग मोजणं आणि इनटेक-आउटपुट नीट लिहिणं ही कागद भरण्याची कामं नाहीत. बाटलीपाशी चोवीस तास डॉक्टर उभे नसतात, तुम्ही असता.

तर उद्यापासून एवढंच करा. केअर प्लॅनमध्ये प्रत्येक लक्षणापुढे एक ओळ लिहा : ‘चारांतलं काय बिघडलं?’ मराठीत लिहा, चालेल. हार्ट फेल्युअरचं वजन दिवसात एक किलोने वाढलं, तर सुमारे एक लिटर पाणी साठलं, हे त्या ओळीत आलं की सकाळी वजन करायला कुणी सांगावं लागणार नाही.