परमुलखातील संगम



युरोपातील आमच्या प्रवासाविषयी ह्या संमेलनात चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आयफेल मनोऱ्याची उंची आणि व्हेनिसच्या होड्यांचे भाडे ही माहिती आता घरातल्या लहान मुलांच्या हातातील फोनमध्येही मिळते. ती येथे सांगून आम्ही आपला वेळ घेत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते निराळे.

आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबांची मुलेबाळे आज सातासमुद्रापार आहेत. आईबाप वर्षातील चार-सहा महिने तिकडे काढतात. विमानात पाऊल ठेवताना प्रत्येकाच्या मनात एक शंका असते. ती मुलांपाशी कोणी बोलत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी मात्र ती स्पष्ट बोलून दाखविली : "तिकडेच काही बरेवाईट झाले, तर पुढचे कोण पाहील?" आम्हांस उत्तर सुचले नाही. फ्लॉरेन्स, रिमिनी, मार्सेय आणि शेवटी कन्येकडे ब्रायटन असा आमचा मार्ग ठरलेला होता. त्या मार्गावर हा प्रश्न आमच्याबरोबरच हिंडला.

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. चित्रशाळांच्या दारांशी लागलेल्या रांगा इकडे नाहीत. उद्यानाच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोस मिळते आणि त्या संगमावर आपल्याकडील घाटावरच्या छत्रीसारखी एक छत्री उभी आहे. तिच्याखाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. राजर्षि शाहू महाराज दत्तक येण्यापूर्वी चौदा वर्षे, म्हणजे १८७० साली, ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी ह्याच शहरात त्यांस मृत्यूने गाठले. वय अवघे वीस!

बरोबरच्या मंडळींची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना करवत नाही. थंडीचे दिवस, परकी भाषा, आणि मृतदेहास अग्नी देणे हा प्रकार त्या देशास सर्वस्वी अपरिचित. इटलीतील पहिले दहनगृह मिलान येथे सुरू झाले ते पुढे १८७६ साली. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि मंडळींनी दोन नद्यांचा संगम शोधून रात्रीच्या वेळी तेथे चिता रचली. अस्थी सावडून झाल्या तरी काम संपले नव्हते. १८७४ साली ही छत्री उभी राहिली. महाराजांची त्या प्रवासातील रोजनिशीही १८७२ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे त्याच जागेजवळ आर्नोवर मोठा पूल झाला, तो १९७८ साली खुला झाला. त्याचे नाव 'इंदियानोचा पूल', म्हणजे भारतीयाचा पूल. त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो मोटारवाल्यांपैकी किती जणांस कोल्हापूर ठाऊक असेल, हे देव जाणे. नाव मात्र त्यांच्या तोंडी बसले आहे. आमच्या सौभाग्यवती त्या संगमावर बराच वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

रिमिनी हे आड्रियाटिक समुद्रावरील हौशी लोकांचे गाव. किनारा मैलोगणती, वाळू मऊ, आणि तिच्यावर छत्र्यांच्या रांगा जणू कवायतीस उभ्या. प्रत्येक पट्ट्याचा मालक निराळा, छत्रीचा रंग निराळा, आणि खाली बसण्याचे भाडे आमच्या प्रकृतीस न मानवणारे. समुद्राजवळ बसण्यास पैसे मोजणे कोकणच्या माणसास जड जाते. आम्ही लाटांना दुरूनच नमस्कार केला. तेथून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांच्या शिळांच्या रांगा, हिंदू सैनिकांच्या शिळेवर देवनागरीत ॐ, आणि ज्यांस अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळे स्मारक. गवत कापलेले, फुले ताजी. त्याच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गावात त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक झाले ते २०२३ साली, म्हणजे तब्बल एकोणऐंशी वर्षांनी.

मार्सेय बंदराविषयी थोडक्यातच सांगतो. ८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मोरिया बोटीवरून येथेच समुद्रात उडी घेतली. किनारा गाठला, पण फ्रेंच शिपायाने त्यांस पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. हेगच्या लवादानेही १९११ साली त्यांस परत करण्याचे बंधन इंग्रजांवर नाही असाच निवाडा दिला. आणि १९१४ च्या सप्टेंबरात ह्याच बंदरात हिंदी पलटणी उतरल्या, तेव्हा त्यांचे स्वागत झाले. पाहुण्याची गरज असली की दार उघडते, हे युरोपानेही आपल्यासारखेच जपलेले आहे.

त्या पलटणींतील जखमी पुढे ब्रायटनला गेले. ब्रायटनचा किनारा गोट्यांचा. अनवाणी चालणे म्हणजे तपश्चर्याच. धक्क्यावर मुले बटाट्याच्या फोडी खात असतात आणि धीट समुद्रपक्षी त्या हातांतून पळवितात. किनाऱ्याच्या बाकांवर दिवंगतांच्या नावांच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. अमक्यास हा देखावा प्रिय होता, असे तीवर लिहिलेले. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, त्याच जातीची ही प्रथा. गावाच्या मध्यभागी घुमटांचा राजवाडा आहे. १९१४ च्या अखेरीस तेथे हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. झुंबरांखाली खाटा मांडल्या. धर्म आणि जाती सांभाळण्यासाठी नऊ मुदपाकखाने आणि हिंदू-मुसलमानांस पाण्याचे वेगळे नळ. आपल्या स्नेहभोजनाच्या व्यवस्थापकांस नऊ हा आकडा ऐकून हायसे वाटेल! ह्या आतिथ्यात सरकारचा हेतू होता, हे विसरू नये. त्याची चित्रे छापून हिंदुस्थानात वाटण्यात आली. त्याच गावातील दुसऱ्या एका हिंदी रुग्णालयाभोवती, जखमींनी गावात फिरू नये म्हणून काटेरी तारेचे कुंपण होते.

तरीही जे दगावले त्यांचे विधी झाले. मुसलमान सैनिकांस वोकिंगच्या मशिदीजवळ मूठमाती मिळाली. त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांस गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली. त्या जागी संगमरवरी छत्री आहे. तिचे रेखाटन मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स ह्या तरुण वास्तुतज्ज्ञाचे, अनावरण १ फेब्रुवारी १९२१ चे. मोटार तेथवर जात नाही; गुरे चरत असलेल्या कुरणांतून चालत चढावे लागते. आमच्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण कन्येने हात धरला. त्या त्रेपन्न जणांची नावे जागेवर कोरली गेली ती २०१० साली. सौभाग्यवतींनी ती एकेक करून मोठ्याने वाचली. कोणाचे गाव, कोणाची आई, आम्हांस ठाऊक नाही. पण पंच्याण्णव वर्षे बिननावाचे राहिल्यावर कोणीतरी मोठ्याने हाक मारावी, असे त्यांस वाटले असावे.

खाली उतरल्यावर कन्येने स्वतःहून विषय काढला. आजच्या व्यवस्थेची तिने चौकशी करून ठेवली होती. इंग्लंडात दहनगृहे सर्वत्र आहेत. समुद्रात रक्षाविसर्जनास परवाना लागत नाही. २०१० सालीच तेथील अपील न्यायालयाने, भिंती असलेल्या पण छत उघडे असलेल्या इमारतीत चितेवर दहन करणे कायद्यात बसू शकते, असाही निर्णय दिला आहे. इटलीत रक्षाविसर्जनाचा कायदा २००१ साली झाला. म्हणजे परवानगीसाठी आता कोल्हापूरच्या मंडळींसारखे रात्री धावावे लागत नाही. उणीव आहे ती माणसांची. खांदा द्यावयास चौघे, मंत्र म्हणावयास एक, आणि घरी राहिलेल्या बाईजवळ बसावयास कोणीतरी. ही माणसे त्या मुलखात आहेत. पण ती एकमेकांस ओळखत नाहीत.

म्हणून कार्यकारिणीस आमची विनंती आहे, की मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. परदेशी असलेल्या आपल्या कुटुंबांची नावे गावांप्रमाणे तीत लिहावी, आणि रात्री-अपरात्री फोन आला तरी जाण्यास जे तयार असतील त्यांच्या नावापुढे खूण करावी. ब्रायटनच्या पानावर आमच्या कन्येचे नाव खुणेसह पहिले लिहिण्यास हरकत नाही. तिचा होकार घेऊनच आम्ही आलो आहोत.